पेट्रोल पंपाखालची माती आणि आजूबाजूच्या विहिरी : कोकणातील तपासणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत पेट्रोल पंपाखालच्या टाकीतून किंवा नळातून इंधन झिरपत असल्याची शंका आली, की विहिरीचे मालक, ग्रामपंचायतीचे सदस्य, पंपचालक आणि जागा विकत घेऊ पाहणारे असे सगळेच साधारणपणे हेच प्रश्न विचारतात. उत्तरे शक्य तेवढी कोकणची जमीन आणि कोकणचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत, कारण इतर ठिकाणच्या पद्धती येथे जशाच्या तशा वापरल्या तर तपासणी पूर्ण होऊनही गळती हाती लागत नाही.

इंधन जमिनीत नेमके कुठून जाते?

लोकांच्या मनात सर्वप्रथम टाकी येते, परंतु टाकीपासून वितरण यंत्रापर्यंत जाणारे नळ, त्यांचे सांधे आणि टँकर रिकामा करताना भरणीच्या तोंडाशी होणारी सांडलवंड यांचा वाटाही मोठा असतो. रोज थोडे थोडे सांडलेले पेट्रोल बरेचसे उडून जाते, पण डिझेल तितके उडत नाही. फरशीला भेग असेल तर ते वर्षानुवर्षे खाली मुरत राहते. जुन्या पंपांवर एकपदरी पोलादी टाक्या आहेत. किनाऱ्याजवळ भूजलातला खारटपणा आणि जांभ्याच्या प्रदेशात पाण्याचा किंचित आम्लधर्मी गुण या दोन्हींमुळे पोलाद लवकर गंजते, म्हणून टाकीचे वय हा पहिल्याच दिवशी विचारण्याचा प्रश्न आहे.

पंपावर रोज डिप घेतात, म्हणजे टाकीत मोजदांडा (डिप रॉड) घालून इंधनाची पातळी पाहतात, आणि साठ्याची नोंद ठेवतात. गळती असती तर ती नोंदीत दिसली नसती का?

मोठी गळती दिसते, लहान दिसेलच असे नाही. वीस हजार लिटरची आडवी टाकी साधारण दोन मीटर व्यासाची आणि सव्वासहा-साडेसहा मीटर लांबीची असते. ती अर्धी भरलेली असताना डिप रॉडवरचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे तेरा लिटर इंधन. दिवसाला एक लिटर गळत असेल तर तो फरक रॉडवर वाचताच येत नाही. तापमानामुळे होणारे आकुंचन-प्रसरण आणि बाष्पीभवन यांत तो सहज लपतो आणि वर्षाअखेरीस साडेतीनशेहून अधिक लिटर इंधन जमिनीत गेलेले असते. स्वयंचलित मापन असलेल्या पंपांवर नोंद अधिक बारकाईने होते, तरीही नळातील गळती टाकीतल्या मापकाला थेट कळत नाही.

नोंदवहीतली दुसरी एक खूण मात्र कोकणात फार उपयोगी पडते. पावसाळ्यात भूजलाची पातळी टाकीच्या तळाच्या वर चढते, त्यामुळे टाकीला छिद्र असेल तर जून ते सप्टेंबरमध्ये बाहेरचे पाणी आत येते आणि उन्हाळ्यात पातळी खाली गेली की त्याच छिद्रातून इंधन बाहेर जाते. म्हणूनच दरवर्षी पावसाळ्यात टाकीत पाणी सापडल्याच्या आणि ते उपसल्याच्या नोंदी असतील, तर तपासणी करणाऱ्याने त्या नोंदी सर्वांत आधी मागाव्यात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात थोडे पाणी विरघळून जाते आणि जास्त झाले तर इथेनॉलसह तळाशी वेगळा थर होतो. त्यामुळे जुन्या पद्धतीची पाणी शोधण्याची पेस्ट अशा टाकीत फसवू शकते, इथेनॉलसाठी बनवलेली वेगळी पेस्ट वापरावी लागते.

कोकणातील जमिनीत तपासणी वेगळी का करावी लागते?

देशावरच्या काळ्या मातीत इंधन हळूहळू मुरते आणि बऱ्याच अंशी टाकीच्या आसपास अडून राहते. कोकणात सड्यावरचा, म्हणजे डोंगराच्या सपाट खडकाळ माथ्यावरचा, जांभा मात्र आतून नळ्यानळ्यांचा, पोकळ्यांचा असतो. चिरेखाणीत ताजा कापलेला चिरा हातात घेऊन पाहिला तर त्यातील वाकड्यातिकड्या नळ्या आणि काही नळ्यांत भरलेली पिवळसर-पांढरी माती स्पष्ट दिसते. पाणी या नळ्यांतून आणि जांभ्याच्या फटींतून वेगाने वाहते, इंधनही त्याच वाटेने जाते. जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी चिकण मातीचा थर लागतो आणि त्याखाली झिजलेला, मग अखंड काळा पाषाण. चिकण मातीचा थर पाणी अडवतो, त्यामुळे जांभ्यातून उतरलेले पाणी त्या थराच्या माथ्यावरून आडवे सरकत जाऊन सड्याच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वाडीच्या विहिरी, पऱ्ये (लहान ओढे) आणि पाणवठे बरोबर याच पट्ट्यात असतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की महामार्गाला लागून सड्यावर असलेल्या पंपाच्या अंगणात चार बोअर घेऊन त्यातली माती स्वच्छ निघाली, तरी खालच्या वाडीतील विहिरीला पेट्रोलचा वास येऊ शकतो. इंधन चार बोअरांच्या मधल्या एखाद्या फटीतून निघून गेलेले असते. आमच्या मते कोकणातील तपासणी पंपाच्या फरशीपासून सुरू करू नये. ती उतारावरच्या शेवटच्या विहिरीपासून सुरू करून वर पंपाकडे यावे. सल्लागार संस्थांच्या प्रस्तावांत हा क्रम सहसा उलटा असतो आणि विहिरींना अहवालाच्या शेवटी एखादे परिशिष्ट मिळते.

तपासणी कोणत्या महिन्यात करावी?

एकदा करून भागत नाही. कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत, आणि जांभ्यातल्या विहिरींची पातळी मे महिना आणि जुलै महिना यांत कित्येक मीटरने बदलते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते आणि पातळीबरोबर खालीवर होते. पातळी उतरताना ते वाटेतल्या खडकाला आणि मातीला चिकटत जाते, त्यामुळे काही वर्षांत काही मीटर जाडीचा माखलेला पट्टा तयार होतो. पावसाळ्यात पाणी चढले की या पट्ट्यातले इंधन पाण्याखाली अडकते आणि निरीक्षणाच्या बोअरमध्ये तरंगताना दिसत नाही. मे महिन्यात त्याच बोअरमध्ये चांगला जाड थर सापडतो.

पाण्यात विरघळलेल्या द्रव्यांची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या जोरदार सरींनंतर वर चढणारे पाणी माखलेला पट्टा धुऊन काढते, त्यामुळे विहिरीला वास येतो तो बहुधा जूनच्या उत्तरार्धात. जुलै-ऑगस्टमध्ये विहिरी काठोकाठ भरलेल्या असतात आणि द्रव्ये इतकी पातळ होतात, की नमुना निर्दोष येण्याचीच शक्यता अधिक. म्हणून आगोटीपूर्वी मे महिन्यात एक फेरी, पाऊस लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी आणि ऑक्टोबरमध्ये तिसरी, अशा किमान तीन फेऱ्यांचा आग्रह धरावा. केवळ ऑगस्टमधल्या एका नमुन्यावरून पंपाला निर्दोष ठरवणारा अहवाल आला तर तो अपुरा आहे असे लेखी कळवावे.

विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. तो पेट्रोलचाच असेल का?

तसे गृहीत धरू नये. जांभ्यात लोह भरपूर असते आणि साचलेल्या पाण्यात वाढणारे लोहजीवाणू पाण्यावर हुबेहूब तेलासारखी चकाकणारी साय धरतात. काडीने ती साय हलवून पाहावी. जीवाणूंची साय काचेसारखी तुटून तिचे कोनेकोपरे असलेले तुकडे होतात आणि ते तुकडे वेगळेच राहतात. इंधनाचा तवंग काडी फिरवली की वळसे घेतो आणि काडी काढताच पुन्हा एकत्र येतो. पहिल्या प्रकारात काठाला आणि चिऱ्यांना तांबूस, बुळबुळीत थरही सहसा आढळतो. ही खूण केवळ प्राथमिक आहे, शंका उरली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच. तरीही तक्रार करण्यापूर्वी ही काडी फिरवून पाहिली तर नाहक वाद टळतात.

पाण्याला वास नाही, म्हणजे ते सुरक्षित आहे का?

नाही. पेट्रोलमधील बेंझिन हे माणसाला कर्करोग करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात नोंदलेले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचे पिण्याच्या पाण्यासाठीचे मार्गदर्शक मूल्य लिटरला १० मायक्रोग्रॅम इतके कमी आहे. माणसाच्या नाकाला कळते ती मात्रा याच्या कितीतरी पट जास्त असते.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून साधा हिशेब करता येईल. बीएस-६ या भारतीय इंधन मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझिन घनफळाने जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. एक लिटर पेट्रोलात ते १० मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ ग्रॅम. हे सगळे पाण्यात उतरले असे मानले तर सुमारे पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत पोहोचते. प्रत्यक्षात बरेचसे बेंझिन उडते, काही जीवाणू खाऊन टाकतात, त्यामुळे हा आकडा विहिरीला तसाच लावायचा नाही, पण दिवसाला एक लिटरची गळती किरकोळ का मानू नये हे त्यावरून समजते.

पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून प्यावे का?

इंधनाचा संशय असेल तर यांपैकी काहीही करू नये. तुरटी आणि टीसीएल यांचा बेंझिनवर उपयोग होत नाही, आणि बंद स्वयंपाकघरात उकळल्यास तीच वाफ घरात पसरते. सक्रिय कार्बनचा गाळप संच बेंझिन धरतो, परंतु तो केव्हा भरला हे घरी कळायला मार्ग नाही. निकाल येईपर्यंत पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसऱ्या विहिरीचे किंवा टँकरचे पाणी वापरावे.

विहीर उपसून साफ करण्यासाठी माणूस आत उतरवला तर चालेल का?

कदापि उतरवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते आणि विहिरीच्या तळाशी साचून राहते; हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले तरी ठिणगीने पेट घेते. पाणबुडी पंपाची कळ विहिरीच्या काठावर असेल तर तीही दाबू नये. शिवाय उपसलेले पाणी पऱ्यात सोडले तर प्रदूषण खालच्या वाडीकडे जाते आणि तपासणीचा मूळ पुरावाही नाहीसा होतो.

जिल्हा प्रयोगशाळेच्या तपासणीत पाणी पिण्यायोग्य ठरले. मग शंका कशाला?

ग्रामपंचायतीमार्फत होणाऱ्या नेहमीच्या तपासणीत सामू, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जीवाणू पाहतात. त्यात बेंझिन नसते. अहवाल खोटा नसतो, विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. प्रयोगशाळेकडे बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन या चौघांची, म्हणजे बीटीईएक्सची, तसेच एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची मागणी नाव घेऊन करावी लागते. प्रयोगशाळा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यताप्राप्त आहे एवढे पुरेसे नाही. तिच्या मान्यतेच्या यादीत हीच तपासणी आहे का, ते पाहावे.

बोअर कुठे आणि किती घ्यायचे?

आकड्यापेक्षा जागा महत्त्वाची. जमीन फोडण्यापूर्वी पंपाचा मूळ आराखडा, टाक्या बसवल्याचे वर्ष, बदललेले नळ, बंद केलेल्या टाक्या आणि परिसरातील प्रत्येक विहीर, बोअर व झरा यांची नोंद करावी. गावातल्या वयस्कर लोकांना कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो हे बिनचूक ठाऊक असते आणि ही माहिती कोणत्याही नकाशावर नसते. ती लिहून घ्यावी.

त्यानंतर टाक्यांच्या खड्ड्याभोवती, भरणीच्या तोंडाशी, वितरण यंत्रांजवळ आणि नळमार्गावर बोअर ठरवावेत. चढाच्या बाजूला निदान एक बोअर हवाच, नाहीतर प्रदूषण पंपाचे की वरच्या गॅरेजचे याचा निवाडा होत नाही. भूजल कोणत्या दिशेने वाहते हे काढण्यासाठी एका सरळ रेषेत नसलेले किमान तीन बोअर लागतात आणि त्यांची पातळी एकाच दिवशी मोजावी लागते. जांभ्याच्या बाबतीत ही दिशादेखील सरासरी दिशा असते, प्रत्यक्ष पाणी फटीमागे जाते, हे अहवाल वाचताना विसरू नये.

पंप चालू असताना काम करायचे असेल तर पहिला सव्वा मीटर हाताने खणून खाली वीज किंवा इंधनाचा नळ नाही याची खात्री करून घेणे हा अनिवार्य नियम समजावा. इंधनाच्या जागी खोदकाम असल्याने पेसो या स्फोटक व पेट्रोलियम सुरक्षा यंत्रणेचे नियम आणि तेल कंपनीची कामाची परवानगी दोन्ही लागू होतात.

गावात विहिरींसाठी येणारी बोअरची गाडी आणून काम होईल का?

माती आणि बाष्पशील द्रव्ये तपासायची असतील तर नाही. ही गाडी दाबलेल्या हवेने खडकाचा चुरा वर फेकते आणि त्या झोतात बेंझिन उडून जाते. शिवाय उच्च दाबाची हवा फटींमध्ये घुसून इंधन आणखी दूर ढकलू शकते. जांभ्यात हाताचा ऑगर (माती काढण्याचे गिरमिट) चालत नाही हे खरे आहे. तेथे गाभा, म्हणजे खडक-मातीचा अखंड दांडा, काढणारे फिरते यंत्र कमीत कमी पाणी वापरून चालवावे आणि वापरलेल्या पाण्याचाही एक नमुना ठेवावा. चिकण मातीचा थर लागला की थांबून विचार करावा. तो थर आरपार भोसकला आणि नीट बुजवला नाही, तर आजवर जांभ्यापुरते मर्यादित असलेले प्रदूषण खालच्या पाषाणातील पाण्यात उतरण्याची वाट आपणच करून दिलेली असते.

मातीचा नमुना कसा घेतात? आम्ही समोर उभे राहून काय पाहावे?

गाभा वर आला की पहिल्या काही मिनिटांतच नमुना बाटलीत गेला पाहिजे. पाच ग्रॅमच्या आसपास माती लहान नळीने कापून मिथेनॉल भरलेल्या, आधी वजन केलेल्या काचेच्या कुपीत टाकतात, झाकण घट्ट करतात आणि कुपी बर्फाच्या पेटीत ठेवतात. उन्हात पसरलेली, हाताने चुरलेली किंवा पॉलिथिनच्या पिशवीत भरलेली माती बीटीईएक्ससाठी निरुपयोगी असते. जांभ्याच्या गाभ्यात नमुना नळ्यांमधल्या मऊ मातीचा घेतला आहे की कडक लोहयुक्त भागाचा, हे विचारावे. इंधन मऊ मातीत धरून राहते, कडक कवच स्वच्छ निघू शकते.

त्याच गाभ्यातला दुसरा भाग बंद पिशवीत अर्धा भरून दहा-पंधरा मिनिटे ठेवतात आणि पीआयडी नावाच्या हातातल्या यंत्राची नळी आत घालून वाफेचे माप घेतात. हे माप कोणत्या खोलीवरचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा हे ठरवण्यासाठी असते. दमट हवेत पीआयडी कमी आकडा दाखवते, म्हणून पावसाळी दिवशी शून्य आले तरी त्यावर विसंबून नमुने कमी करू नयेत.

पाण्याचा नमुना ४० मिलिलिटरच्या कुपीत, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता भरतात. कुपी उलटी करून बोटाने टिचकी मारावी, बुडबुडा वर आला तर ती पुन्हा भरायला सांगावे. नमुने सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवून पाठवायचे असतात आणि आम्ल घातलेल्या पाण्याची तपासणी चौदा दिवसांच्या आत व्हावी लागते. सिंधुदुर्गातून मुंबईला किंवा पुण्याला पेटी पाठवताना वाटेत बर्फ वितळला तर निकाल कमी येतो, आणि तो कमी का आला हे कागदावर कुठेच दिसत नाही. पेटीत प्रवासाची कोरी कुपी (वाटेत बाहेरची द्रव्ये शिरली का हे कळावे म्हणून ठेवलेली शुद्ध पाण्याची कुपी) आणि एखाद-दुसरा दुहेरी नमुना असावा.

निरीक्षणाचा बोअर आणि साधा बोअर यांत फरक काय?

निरीक्षणाच्या बोअरमध्ये पीव्हीसी नळाचा चिरा पाडलेला भाग भूजलाच्या पातळीच्या वर आणि खाली दोन्हीकडे पोहोचला पाहिजे, कारण तरंगणारे इंधन पाण्याच्या माथ्यावर असते. चिरा पाडलेला भाग पाण्याखाली बुडाला तर इंधन नळात येतच नाही. कोकणात पातळी इतकी बदलते, की एकाच नळाने मे आणि ऑगस्ट दोन्ही साधणे कठीण जाते. अशा ठिकाणी शेजारी शेजारी उथळ आणि खोल असे दोन नळ बसवणे हाच उपाय. नळाभोवती वाळू-खडी, वर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या चिकण मातीचा) बंद थर आणि तोंडाला कुलूपबंद झाकण असावे, नाहीतर अंगणातले तेलकट पावसाचे पाणी थेट नळातून खाली जाते.

बंदरावरच्या डिझेल पंपांना हेच लागू आहे का?

बऱ्याच अंशी, पण मिरकरवाडा किंवा हर्णै यांसारख्या मासेमारी बंदरांवर आणि खाडीकाठी भरती-ओहोटीचा विचार वाढवावा लागतो. पुळणीच्या वाळूत भूजल भरतीबरोबर चढते-उतरते आणि प्रवाहाची दिशाही काही तासांपुरती बदलू शकते. म्हणून सर्व बोअरांची पातळी थोड्याच वेळात मोजून तिच्याशेजारी भरतीची वेळ लिहावी. डिझेलमध्ये बेंझिन फारच कमी असते. तेथे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि नॅफ्थलिनसारखी द्रव्ये पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पीआयडीवर डिझेल क्षीण दिसते, त्यामुळे केवळ त्या यंत्रावर भिस्त ठेवू नये.

पुरात पंप बुडाला होता. त्यासाठी तपासणी करावी का?

करावी. चिपळूणमध्ये जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर आला, की जमिनीखालच्या टाकीवर पाण्याचा वरच्या दिशेने दाब येतो. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पूर्ण बुडाली तर तिच्यावर सुमारे वीस टनांची उचल लागते. टाकीचे वजन, वरची माती आणि बांधून ठेवणारे पट्टे यांनी ती पेलली नाही तर टाकी काही सेंटिमीटर का होईना वर येते आणि नळांचे सांधे निखळतात. पंप धुऊन-पुसून पुन्हा सुरू झाल्यावर हे वरून दिसत नाही. टाकी व नळांची दाबचाचणी झाली होती का, त्याचा कागद मागावा.

महामार्गाच्या रुंदीकरणात बंद झालेल्या पंपाची जागा विकत घेत आहोत. काय पाहावे?

सातबारा पाहून ही माहिती मिळत नाही. टाक्या काढल्या, की जागेवरच वाळू किंवा काँक्रीट भरून बंद केल्या, की तशाच सोडल्या, हे तेल कंपनीकडून आणि पेसोच्या परवान्याच्या कागदांवरून लेखी घ्यावे. पंप २००० सालापूर्वीपासून चालत असेल तर मातीत शिसेही तपासावे, कारण देशभर शिसेरहित पेट्रोल सक्तीचे झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. साठेखतात तपासणीचा अहवाल आल्यावरच उर्वरित रक्कम देण्याची अट घालावी. घर बांधण्याचा विचार असेल तर जमिनीतील वाफेचीही तपासणी करून घ्यावी, कारण पायाच्या भेगांतून ती घरात शिरते.

अहवालातला कोणता आकडा वाईट समजावा?

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, खनिज तेलासाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. बेंझिनसाठी वर दिलेले १० मायक्रोग्रॅमचे मूल्य धरावे. मातीसाठी भारतात सल्लागार बऱ्याचदा नेदरलँड्सची हस्तक्षेप मूल्ये (ज्यांच्या वर गेल्यास माती गंभीर दूषित समजतात असे आकडे) वापरतात, ज्यात बेंझिन किलोला १.१ मिलिग्रॅम आणि खनिज तेल ५००० मिलिग्रॅम आहे. ही मूल्ये त्या देशाच्या प्रमाणित मातीसाठी ठरवलेली आहेत, ज्या जांभ्यातून वाडीची विहीर भरते त्या जांभ्यासाठी नाहीत. माती या आकड्याच्या आत आणि विहीर मात्र बिघडलेली, असे चित्र कोकणात अशक्य नाही, आणि तसे झाल्यास विहिरीचा आकडा प्रमाण मानावा.

पंप घरापासून पन्नास मीटरवर आहे. मग धोका नाही ना?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये दिलेल्या सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी वस्ती यांपासून ५० मीटरवर असावा आणि अडचण असल्यास जादा सुरक्षा उपायांसह ३० मीटरच्या आत येऊ नये. हे अंतर जमिनीवरचे आहे आणि त्यापूर्वीच्या पंपांना ते पाळलेले नसेल. जांभ्यातील फट हे अंतर मोजत नाही.

तक्रार कोणाकडे आणि कशी करावी? खर्च कोण करतो?

ग्रामपंचायतीने विहिरीचा पंचनामा करून, वास केव्हापासून येतो, कोणत्या विहिरींना येतो आणि पाऊस केव्हा लागला याची तारीखवार नोंद जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्यावी. प्रत तेल कंपनीला आणि पेसोला पाठवावी. भूजलाच्या दिशेबाबत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाची मदत मागता येते. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम केले असून त्यांत स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळ कळवल्यावर राज्य मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आहे. तक्रारीत या नियमांचा उल्लेख अवश्य करावा.

खर्चाबाबत तत्त्व असे, की प्रदूषण करणाऱ्याने तो सोसावा. बहुतेक पंपांवर जमिनीखालच्या टाक्या आणि यंत्रे तेल कंपनीची असतात, दैनंदिन हाताळणी पंपचालकाची असते, त्यामुळे तक्रार दोघांच्याही नावे करणे योग्य. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय पीठाकडे भरपाईसाठी कारण घडल्यापासून पाच वर्षांत अर्ज करता येतो. इतर वादांसाठी ही मुदत सहा महिन्यांचीच आहे, म्हणून गावकीत चर्चा लांबवून दोन पावसाळे घालवू नयेत.

मी पंपचालक आहे. स्वतःहून तपासणी केली तर अडचणीत येईन का?

गळती लपवून ती विहिरीतून उघड होण्यापेक्षा कमीच अडचणीत याल. लवकर सापडलेली गळती टाकीच्या खड्ड्यातील माती काढून आणि नळ बदलून आटोक्यात येऊ शकते. वाडीपर्यंत गेलेली गळती वर्षानुवर्षे पाणी उपसूनही सरत नाही. पंपाची जुनी नोंदवही फेकू नका, ती तुमच्याच बाजूचा पुरावा आहे.

तपासणी संपल्यावर निरीक्षणाच्या बोअरांचे काय करायचे?

पुढच्या फेऱ्यांसाठी ते कुलपासह राखावेत आणि चावी कोणाकडे आहे हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवावे. काम पूर्ण संपल्यावर तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट-सिमेंटच्या मिश्रणाने ते बुजवावेत. झाकण तुटलेला, विसरलेला बोअर आढळला तर मंडळाच्या कार्यालयाला छायाचित्रासह कळवावे आणि तोपर्यंत त्याच्याभोवती मातीचा उंच बांध घालून पावसाचे पाणी आत जाणार नाही याची तजवीज करावी.